जिवंत शब्दाची शाळा

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे मुलाला किती गुण मिळाले हें घरांत सर्वांना कळतें. त्या शिक्षणाच्या बळावर तो पुढें कसा जगेल, हें मात्र निकालपत्रांत छापलेलें नसतें. शाळेंतील विद्या आणि संसारांत लागणारें शहाणपण यांची फारकत होऊं नये, ही चिंता सर्व देशांतील विचारी आईबापांना पडत आलेली आहे. एकोणिसाव्या शतकांत डेन्मार्क ह्या लहानशा देशांतील एका धर्मोपदेशकानें ह्या चिंतेवर जें उत्तर शोधलें, तें शिक्षणाच्या इतिहासांत लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या उत्तराचा उगम ख्रिस्ती श्रद्धेंत होता. परंतु त्यांतून निघालेल्या शाळेंत धर्माची परीक्षा नव्हती, किंबहुना कसलीच परीक्षा नव्हती.

निकोलाय ग्रुंटविग यांचा जन्म १७८३ सालीं उडबी ह्या खेड्यांतील पाळकाच्या घरीं झाला. पुढें त्यांना ऑर्‌हूस येथील लॅटिन शाळेंत घातलें. तेथें व्याकरणाचे नियम व परभाषेंतील उतारे घोकण्यांत दिवस गेले, आणि विद्येची गोडी लागण्याऐवजीं मनाला एक प्रकारची मरगळ आली. ही आठवण ते जन्मभर विसरले नाहींत. त्यांच्या तरुणपणीं देशावरही संकटें कोसळलीं. १८०७ सालीं इंग्रज आरमारानें कोपनहेगनवर तोफा डागल्या. १८१३ सालीं सरकारी तिजोरीचें दिवाळें निघालें. आणि १८१४ सालीं नॉर्वे देश हातचा गेला. अशा वेळीं मूठभर लॅटिन पंडितांच्या विद्वत्तेनें राष्ट्राला धीर येणें शक्य नव्हतें.

१८२५ सालीं ग्रुंटविग यांच्या धर्मचिंतनाला निश्चित वळण मिळालें. ख्रिस्ती धर्माचा आधार पंडितांनीं लावलेल्या ग्रंथार्थांत नसून, बाप्तिस्म्याच्या वेळीं मंडळी पिढ्यान्‌पिढ्या ज्या श्रद्धावचनाचा मुखानें उच्चार करीत आली त्या वचनांत आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. ह्या मताच्या आवेशांत त्यांनीं एका प्राध्यापकाच्या ग्रंथावर कडक टीका केली. बदनामीचा खटला होऊन ते हरले. १८२६ सालीं त्यांनीं पाळकाचें पद सोडलें, आणि १८३७ पर्यंत त्यांच्या लिखाणावर सरकारी तपासणीचा निर्बंध राहिला.

जें श्रद्धेचें तेंच ज्ञानाचें, असा ग्रुंटविग यांचा पुढचा विचार होता. ज्ञानही जिवंत माणसाच्या मुखांतून जिवंत माणसाच्या कानीं गेलें तरच अंगीं लागतें. शिवाय मनुष्यत्व आधीं आणि ख्रिस्तीपण मागाहून, असा क्रम त्यांनीं लावला. देवानें मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा घडविला असेल, तर त्या मनुष्यपणाला जाग आणणें हेंच शाळेचें काम. बळजबरीनें गळीं उतरविलेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे. एका निष्ठावंत पाळकानें असें म्हणावें, यांत त्या काळीं कित्येकांना विसंगति वाटली. परंतु त्यांची श्रद्धाच त्यांना ह्या निष्कर्षाला घेऊन आली होती.

१८२९ ते १८३१ ह्या तीन वर्षांत ते इंग्लंडला जाऊन आले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत गुरुशिष्य एकत्र राहतात, जेवतात, बोलतात, हें पाहून त्यांना वाटलें कीं, हेंच भाग्य शेतकऱ्याच्या मुलाला कां लाभूं नये? लवकरच डेन्मार्कांत सल्लागार सभा भरूं लागल्या, आणि सामान्य लोकांनाही राज्यकारभारांत बोलण्याचा प्रसंग आला. त्यासाठीं तरुणांना मातृभाषा, देशाचा इतिहास, गीतें व कायदेकानू यांचा परिचय करून देणारी ‘जीवनासाठीं शाळा’ हवी, असा त्यांनीं आग्रह धरला. राजाची संमतिही मिळाली होती. पण १८४८ च्या आरंभीं राजा निवर्तला आणि सरकारी शाळा कागदावरच राहिली.

लोकांनीं मात्र सरकारची वाट पाहिली नाहीं. १८४४ सालींच रडिंग येथें पहिलें लोकविद्यालय निघालें होतें. ह्या विद्यालयांना खरें घरगुती रूप दिलें तें क्रिस्टेन कोल्ड यांनीं. हे जोडे करणाऱ्या एका कारागिराचे पुत्र. तरुणपणीं शिक्षकाचें काम करतांना त्यांना दिसलें कीं, धर्माची प्रश्नोत्तरें पाठ करतांना मुलें रडकुंडीला येतात. तोच मजकूर गोष्टीसारखा सांगितला तर आनंदानें ऐकतात आणि लक्षांतही ठेवतात. त्यांनीं घोकंपट्टी बंद केली. त्याबरोबर वरिष्ठांची गैरमर्जी झाली व नोकरीचे दरवाजे बंद झाले. मग एका मिशनऱ्याबरोबर ते तुर्कस्तानांतील स्मर्ना शहरीं गेले, आणि परत येतांना ट्रिएस्ट बंदरापासून सामान हातगाडीवर घालून पायीं मायदेशीं पोंचले. १८५१ सालीं रिस्लिंगे येथें ग्रुंटविग यांच्या साहाय्यानें त्यांनीं आपली शाळा उघडली.

हिंवाळ्यांत शेतीचें काम थंडावलें कीं तरुण शेतकरी तेथें येत. गुरु आणि शिष्य एकाच मेजावर जेवीत व एकाच माळ्यावर निजत. गाणें, गोष्ट, व्याख्यान आणि मग मोकळें संभाषण, असा दिवसाचा क्रम असे. पुढें अशा शाळांतून उन्हाळ्यांत तरुण मुलींचेही वर्ग भरूं लागले. कोल्ड यांची एक गोष्ट सांगतात. एका शिष्यानें तक्रार केली कीं, ऐकलेलें सारें आपण विसरून जातों. कोल्ड यांनीं त्याला समजाविलें कीं, शेतांत पाण्याचा निचरा करण्यासाठीं नळ पुरले, तर ते पुन्हा सांपडावे म्हणून खुणा कराव्या लागतात. धान्य पेरल्यावर खुणेची गरज नसते, तें आपोआप वर येतें.

तें पीक पुढें दिसून आलें. १८६४ च्या युद्धांत श्लेस्विग व होल्स्टाइन हे प्रांत गेले. रडिंगची शाळाही परमुलखांत पडली. तिच्या शिक्षकांनीं नव्या सीमेच्या अलीकडे आस्कोव्ह येथें नवें विद्यालय थाटलें, आणि पराभवानंतरच्या वर्षांत अशा शाळा देशभर झपाट्यानें वाढल्या. पुढें परदेशच्या स्वस्त धान्यानें बाजार बसला, तेव्हां शेतकऱ्यांनीं धान्य सोडून लोणी व डुकराचें मांस यांकडे मोर्चा वळविला. १८८२ सालीं येडिंग येथें पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. अशा संस्थांतून गाईंच्या संख्येवर नव्हे, तर माणशीं एक मत ठरले. ह्याचें सारें श्रेय शाळांना देणें योग्य होणार नाहीं. सुधारलेले जमीनकायदे, १८१४ पासूनचें सक्तीचें प्राथमिक शिक्षण आणि इंग्लंडची बाजारपेठ हींही कारणें होतींच. परंतु शेजाऱ्यावर विश्वास टाकणें, सभेंत उभें राहून बोलणें आणि दुसऱ्याचें ऐकून घेणें, हे गुण नुसत्या कायद्यानें येत नाहींत. ते एका छपराखालीं काढलेल्या हिंवाळ्यांत अनेकांच्या अंगीं आले. आजही ह्या विद्यालयांत परीक्षा नाहीं.

जिवंत शब्दाचा पुरस्कार करणाऱ्या ग्रुंटविग यांनीं स्वतः ढीगभर ग्रंथ आणि सुमारे १,५०० स्तोत्रें लिहिलीं. तेव्हां पुस्तकाशीं त्यांचें वैर नव्हतें. माणसाची जागा पुस्तकानें घ्यावी, एवढेंच त्यांना मान्य नव्हतें. ह्या मतांत शिक्षकाची व आईबापांची मोठी कसोटी आहे. छापील धड्यांत चूक झाली तर ती पुढच्या आवृत्तींत सुधारतां येते; परंतु जो शब्द मुखानें सांगावयाचा, त्याच्या मागें सांगणाऱ्याचें आचरण उभें असावें लागतें. तें नसेल तर श्रद्धेचा उपदेशही घोकलेल्या उत्तरासारखाच कोरडा होतो. घरांत सायंकाळीं एकत्र जेवतांना मुलांच्या कानीं जें पडतें, आणि जें पडलें तसेंच वडील माणसें वागतांना दिसतात, तेंच त्यांच्या आयुष्यांत पुढें उगवतें.