कपाट, किल्ली आणि कापलेली स्ट्रिप

औषध सांभाळण्याची विद्या पनवेलला नवी नाही. धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना इथे १८७२ पासून आहे, आणि कोणतं औषध किती टिकतं याचा हिशेब तर आयुर्वेदात त्याहून कितीतरी जुना. शार्ङ्गधरसंहितेच्या मते चूर्णाचं वीर्य दोन महिन्यांत उतरतं, गोळी आणि अवलेह वर्षभर चालतात, आसव मात्र जुनं होईल तसं गुणी होतं. ॲलोपॅथीच्या गोळ्यांना ही शेवटची सवलत नाही.

कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन पनवेलजवळ नेऱ्याला उभं राहिलं, तेव्हा कुष्ठरोगावर देशभर मुख्य आधार होता एकट्या डॅप्सोनचा. सुट्या गोळ्या, त्याही वर्षानुवर्षं घ्यायच्या. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि पुढे गोळ्या चार आठवड्यांच्या पाकिटात येऊ लागल्या. पहिल्या दिवशीचा मोठा डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, बाकीचे रोज एकेक, दिवसाचा आकडा बघून. बोटांची संवेदना गेलेल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आज गोळी घेतली की नाही हे कळे. रुग्णाकडे पाहून केलेली याहून चांगली औषधसाठवण मला ठाऊक नाही.

वृद्धाश्रमांत नेमकं उलटं होतं. सिडकोनं नवीन पनवेल वसवलं, मुंबईची माणसं खाडी ओलांडून आली आणि मागोमाग पनवेल परिसरात वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्रंही आली. घरचे लोक महिन्याची औषधं पिशवीतून आणून देतात. स्ट्रिप कात्रीनं कापून सकाळ-दुपार-रात्रीच्या खणांत भरली की नाव एका तुकड्यावर राहतं, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. २०२३ पासून तीनशे नामांकित ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. पण कात्री त्यालाही सोडत नाही. वेष्टनातून काढलेल्या गोळ्यांचं तर विचारूच नका. कोकणच्या पावसाळ्यात कॅप्सूल चिकटतात, ॲस्पिरिनला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो.

२६ जुलै २००५ ला गाढी नदीचं पाणी गावात शिरलं. खालच्या खणात औषधं ठेवू नयेत हे त्यानंतर पनवेलकरांना वेगळं सांगायला नको. पुढच्या काही वर्षांच्या भारनियमनात काळजी लागली ती फ्रिजची. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं हे सगळ्यांना पाठ असतं. पण वापरात असलेली बाटली सावलीत, तीस अंशांखाली साधारण महिनाभर चालते, आणि वीज जाण्यापेक्षा मोठा धोका असतो तो घाबरून ती बर्फाच्या खणात ठेवणाऱ्याचा. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

कायद्यानं लक्ष ठेवलं ते मुख्यतः दुकानावर. परिशिष्ट एक्समधली औषधं केमिस्टनं वेगळ्या कपाटात, कुलपात ठेवायची. १ मार्च २०१४ पासून एच-१ यादीतल्या औषधांच्या, त्यात अल्प्राझोलाम, झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्यांच्याही, विक्रीची नोंदवही आली, तीही तीन वर्षं जपायची. तीच अल्प्राझोलाम पिशवीतून वृद्धाश्रमात पोचली की नोंदवहीची सक्ती दुकानातच राहते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांचा वृद्धाश्रम असावा असं म्हटलं. औषधाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असावी, हे त्यात नाही. ती कुठे सिस्टरांच्या कमरेला असते, कुठे कपाटालाच लटकलेली.

मॉर्फिनचं तसं नाही. खारघरला टाटा स्मारकाचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे, त्यामुळे कर्करोगाच्या वेदनांवरचं हे औषध पनवेलला परकं नाही. अमली पदार्थ कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीनं ते मान्यताप्राप्त संस्थांना मिळणं सोपं झालं, मात्र कुलूप आणि गोळीगणिक हिशेब कायम राहिला. वृद्धाश्रमांनी निदान झोपेच्या गोळ्यांपुरती तरी ही शिस्त उचलायला हवी होती. त्याला परवाना लागत नाही, एक वही पुरते.

माणूस गेल्यावर त्याच्या उरलेल्या गोळ्यांचं काय, हा प्रश्न तर अगदी अलीकडे विचारला जाऊ लागला. २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी घरात उरलेली सतरा घातक औषधं शौचालयातून वाहून घालवायला सांगितली आणि इतर औषधं परत गोळा करण्याची व्यवस्था सुचवली. केरळनं त्याच वर्षी कोझिकोडला दारोदार जाऊन उरलेली औषधं गोळा करायला सुरुवात केली. वृद्धाश्रमात मात्र नातेवाईक कपडे, चष्मा, पासबुक घेऊन जातात. गोळ्या तिथेच राहतात, आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींना तीच बीपीची गोळी चालू असेल, तर त्यांच्या डब्यात जातात.