विटेनबर्गहून : ल्यूथर भांडला, शास्त्र मेलांख्थॉननं रचलं

बर्लिनहून गाडी तासाभराच्या आत इथं पोचवते. स्टेशनच्या पाटीवर ‘लुथरश्टाट विटेनबर्ग’. ल्यूथरचं नाव गावाला अधिकृतपणे जोडलं गेलं १९३८ साली. नामांतराचं काय असतं ते संभाजीनगरकरांना मी काय सांगावं! चौकात मात्र पुतळे दोन आहेत : १८२१ चा मार्टिन ल्यूथर आणि ४४ वर्षांनी शेजारी आलेला फिलिप मेलांख्थॉन. सेल्फी पहिल्यासोबत निघतात.

पोपशी भांडणारा ल्यूथर शिस्तीत ग्रंथ रचणारा नव्हेच. वाद पेटला की पुस्तिका लिहायची, छापखान्यात धाडायची, पुढच्या वादाला भिडायचं. मेलांख्थॉन १५१८ मध्ये इथल्या विद्यापीठात ग्रीक शिकवायला आला, तेव्हा २१ वर्षांचा होता. पौलाचं रोमकरांस पत्र शिकवता शिकवता त्यानं विषयवार टिपणं काढली : पाप, नियमशास्त्र, कृपा, विश्वास. १५२१ च्या अखेरीस त्यांचा ग्रंथ झाला, ‘लोकी कम्युनेस’. ल्यूथर तेव्हा वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून होता.

विद्यापीठांत तोवर बाराव्या शतकातल्या पीटर लोम्बार्डचा ग्रंथ चाले. त्याची सुरुवात देव आणि त्रैक्यापासून, म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धांतापासून. या पोरानं त्रैक्य चक्क बाजूला ठेवलं. गूढाची चिरफाड करू नये, त्याला वंदन करावं. माणसाला आधी आपलं पाप आणि ख्रिस्ताचा उपकार कळावा, हा त्याचा रोख. ल्यूथर इतका खूश झाला की १५२५ मध्ये त्यानं हे पुस्तक थेट धर्मग्रंथांच्या पंगतीला बसवलं. पुढे त्रैक्यालाच नाकारणारे उभे राहिले, पाळक घडवायला पुरा अभ्यासक्रम हवा झाला, आणि १५३५ च्या आवृत्तीत त्रैक्य परतलं. १५५९ पर्यंत ग्रंथ फुगतच गेला. मला विचाराल तर पहिली सडपातळ आवृत्तीच खरी धारदार.

जर्मनी समजायची तर १५३० चा आउग्सबुर्गचा कबुलीजबाब पाहावा. बादशहापुढे ठेवलेली ही ल्यूथरपंथी श्रद्धेची २८ कलमं, मसुदा मेलांख्थॉनचाच. १५५५ च्या तहानं ती मानणाऱ्या राजांना कायदेशीर मान्यता दिली; राजाचा पंथ तोच मुलखाचा पंथ. वर्गातली टिपणं अशी राज्यकारभारात शिरली. प्रांतवार चर्चची घडण आजही टिकून आहे. चर्चचा सभासद असाल तर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्चकर सरकारच वसूल करतं, आणि सभासदत्व सोडायचं तर सरकारदरबारीच जावं लागतं.

ल्यूथर १५४६ मध्ये गेला आणि शिष्यांत जुंपली. मेलांख्थॉन माणसाच्या इच्छाशक्तीला फार वाव देतो, प्रभुभोजनाबाबत दुसरा सुधारक कॅल्व्हिन याच्या लोकांकडे झुकतो, असे आरोप झाले. तो स्वतः १५६० मध्ये गेला, तरी भांडण मिटेना. शेवटी त्याचाच विद्यार्थी मार्टिन केमनित्स आणि इतरांनी १५७७ मध्ये समेटाचा मसुदा केला. आठ हजारांवर पाळक-पंडितांच्या सह्या गोळा झाल्या आणि १५८० मध्ये सगळे कबुलीजबाब एका ग्रंथात बांधले गेले. आपल्या पैठणला एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीचे पाठभेद निवडून शुद्ध प्रत सिद्ध केली, ती १५८४ ची. तिथं एकट्या संपादकाचा अधिकार पुरला. इथं सह्यांची मोहीम लागली.

एवढ्या बारकाव्यांनी भांडलेल्या या मुलखात आज बहुसंख्य लोक कोणत्याच चर्चचे नाहीत. इथं सत्तेवर असलेल्या पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट राजवटीनं चर्चच्या दृढीकरणविधीच्या जागी ‘युगेंडवाइहे’ हा धर्माविना वयात येण्याचा सोहळा रुजवला. राजवट गेली, सोहळा राहिला. ३१ ऑक्टोबरला धर्मसुधारणा दिनाची सुटी मात्र साऱ्या प्रांताला असते.