पुण्याचे शरदांतील बाजार व जुने कागद

जुन्या कागदांचा शोध म्हटला म्हणजे वाडे, मठ, देवस्थानें व सरदारांचीं दप्तरें हींच स्थळें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. बाजार हें संशोधनाचें स्थळ आहे असें सहसा कोणी मानीत नाहीं. बाजारांत कागद येतो तो नष्ट होण्यासाठींच, असा समज रूढ आहे. हा समज अर्धाच खरा आहे. बाजारांत आलेल्या कागदाचा नाश घाईनें विकणारा व निवडून घेणारा असे दोघे मिळून करतात. आणि ह्या दुसऱ्या वर्गांत आपण संग्राहक मोडतों, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. उदाहरणासाठीं पुणें शहर व शरद ऋतु घेतला आहे.

शरदच कां, तें प्रथम सांगितलें पाहिजे. पाऊस सरला कीं आश्विनांत घरें झाडण्याचा आपला प्रघात आहे. माळ्यावरील व फडताळांतील वस्तु खालीं येतात. दसऱ्यास हत्यारें व पोथ्या यांची पूजा होते. जें पूजेस योग्य तें घरांत राहतें, बाकीचें अंगणांत पडतें. पुढें लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं व्यापारी नव्या वह्या पूजेस मांडतात. नवी वही आली कीं जुनी एक पायरी खालीं उतरते: पेढीवरून कपाटांत, कपाटांतून माळ्यावर व माळ्यावरून कधीं तरी रद्दींत. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी मागें पडली, तेव्हांपासून नातवास आजोबांचीच वही वाचतां येईनाशी झाली. आणि न वाचतां येणारा कागद घरांत फार दिवस टिकत नाहीं. त्यांतच १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, तेव्हां चीजवस्तूंबरोबर कागदही गेले. ह्यामुळें जें उरलें आहे त्याचें मोल अधिक.

फिरण्यास आरंभ मंडईपासून करावा. भाजीबाजार पूर्वीं शनिवारवाड्यापुढील मोकळ्या पटांगणांत भरत असे. १८८६ सालीं शुक्रवार पेठेंतील दगडी इमारत झाली व तिला रे मार्केट हें नांव मिळालें. नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं ह्या खर्चास विरोध केला होता. पुढें त्याच वास्तूस त्यांचें नांव देण्यांत आलें. शरदांत येथें सासवडकडचीं सीताफळें, शिंगाडे, रताळीं, भुईमुगाच्या ओल्या शेंगा, आवळे, झेंडूच्या राशी व दसऱ्याचीं आपट्याचीं पानें दिसतात. कागदांच्या अभ्यासकास ह्याचें काय, असें कोणी विचारील. घरखर्चाच्या मोडी वह्यांत हेच जिन्नस ह्याच महिन्यांत नोंदलेले असतात. जुडी, पेंडी, वाटा, शेकडा हीं मोजण्याचीं रीत दाखविणारीं नांवें विक्रेत्यांच्या तोंडून ऐकल्यावर वहींतील त्रोटक नोंद आपोआप उलगडते. शेर व पायली मात्र आतां तोंडींच उरलीं आहेत, कारण दशमान मापें १९५८ पासून क्रमाक्रमानें लागू झालीं. चार शेरांची पायली हें कोष्टक ज्यास पाठ नाहीं, त्यास वहींतील धान्याचा हिशेब जुळावयाचा नाहीं.

मंडईकडून कसबा पेठेंत जावें. तेथें तांबट आळींत तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके देऊन मठार काढण्याचें काम अद्याप चालतें. बंब, घंगाळ, हंडा, तपेलें ह्या वस्तु येथील कारागिरांच्या पिढीजात कसबाच्या. दिवाळीच्या तोंडावर घरोघरचीं जुनीं भांडीं मोडींत निघतात आणि वजनावर विकलीं जातात. ह्या ‘मोडी’कडे आपण मोडी लिपीइतकें लक्ष देत नाहीं. वस्तुतः लग्नांत वा मुंजींत दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचें नांव, गांव व कित्येकदां तिथि व सालही कोरलेलें असतें. तो एक लहानसा ताम्रलेखच होय, आणि तो भट्टींत जातो. विक्रेत्याच्या परवानगीनें अशा लेखाचा ठसा कागदावर शिशाची कांडी घासून घेण्यास दोन मिनिटें लागतात. भांडें विकत घेण्याचीही गरज नसते.

ह्याच पेठेंतील कागदीपुरा हें नांव हातानें कागद करणाऱ्यांच्या वस्तीचें स्मारक आहे. जुन्नरी व दौलताबादी कागदांचीं नांवें संग्राहकांस परिचित आहेतच. हातकागद उजेडासमोर धरला असतां चाळणीच्या रेषा दिसतात. परदेशी गिरणीच्या कागदांत बहुधा पाण्याचा छाप व क्वचित् सालही आढळतें. कागद त्या सालापूर्वीं लिहिलेला असूं शकत नाहीं, एवढें तरी त्यावरून निश्चित होतें. जवळच कुंभारवाड्यांत ह्या दिवसांत पणत्यांचे ढीग व मुलांच्या किल्ल्यांसाठीं मातीचे मावळे मांडलेले असतात.

आतां जुना बाजार. मंगळवार पेठेच्या परिसरांत बुधवारीं व रविवारीं भरणाऱ्या ह्या बाजारांत गंजलेलीं हत्यारें, कुलुपें, समया, नाणीं, घड्याळें व जुने कागद एकाच फारीवर शेजारीं शेजारीं पडलेले असतात. लवकर जाणारास दप्तर सबंध मिळण्याचा संभव असतो. दुपारपर्यंत त्याचे भाग पडतात. शिक्क्याचा कागद वेगळा, चित्राचें पान वेगळें, मुद्रांकाचा कागद वेगळा, आणि उरलेला हिशेब किलोवर. हे भाग विक्रेता आपण होऊन पाडीत नाहीं; आपण तसे मागतों म्हणून पाडतो.

ही गोष्ट मीं स्वतःच्या चुकीवरून शिकलों. कांहीं वर्षांपूर्वीं दसऱ्यानंतरच्या एका बुधवारीं येथें एक मोडी दप्तर माझ्या हातीं आलें. त्यांतील सहा पत्रें सुवाच्य व मोर्तबाचीं होतीं. तीं मीं घेतलीं व घरखर्चाच्या फाटक्या वह्या तेथेंच ठेविल्या. दप्तराचा तांबडा रुमाल विक्रेत्यानें समयांखालीं अंथरला होता, तोही मीं पाहिला व सोडून दिला. घरीं आल्यावर पत्रें वाचलीं, तों प्रत्येकांत ‘मागील पत्रीं लिहिल्याप्रमाणें’ असा हवाला. कोणाचें घर, कोणतें गांव, कांहीं कळेना. रुमालाच्या चिठ्ठीवर तें असण्याचा संभव होता आणि वह्यांवरून तर तें निश्चितच कळलें असतें. रविवारीं पुन्हां गेलों. वह्या रद्दींत गेल्या होत्या व रुमाल कोणी समईसह नेला होता. तीं सहा पत्रें माझ्या संग्रहांत आहेत. परंतु तीं मुकीं आहेत, आणि त्यांस मुकें करणारा मीच.

१८९८ सालीं राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड काढला आणि १९३० ते १९३४ ह्या काळांत सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले. त्यांच्या पिढ्यांनीं राजकारणाचे कागद आधीं वांचविले, तें योग्यच होतें. घरखर्च, देणीं, लग्नाच्या याद्या ह्यांची पाळी आतां आपल्याकडे आली आहे, आणि तेंच साहित्य बाजारांत सर्वांत स्वस्त विकलें जातें.

म्हणून कांहीं व्यावहारिक सूचना करतों. दप्तर घेणें तर सबंध घ्यावें. तें परवडत नसल्यास दोघांतिघांनीं मिळून घ्यावें. रुमाल, दोरी व चिठ्ठी टाकूं नये. कोणत्या दिवशीं, कोणत्या बाजारांत, कशाशेजारीं मिळालें व कोणत्या भागांतून आलें, हें विक्रेत्यास गोडीनें विचारून त्याच दिवशीं टिपावें. काजळ व डिंक यांची शाई पाण्यानें सुटते, यास्तव माती धुण्याचा मोह आवरावा. दमट कागद आश्विनाच्या कडक उन्हांत न टाकतां सावलींत वाऱ्यावर वाळवावा. तारखेंत सुहूर सन असेल तर दसरा-दिवाळीच्या कागदास त्या सनांत ५९९ मिळवावे म्हणजे इसवी सन येतो. जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदास ६०० मिळवावे लागतात. शेवटीं कायद्याचें स्मरण ठेवावें: १९७२ च्या पुरावस्तु अधिनियमानें ऐतिहासिक, वाङ्मयीन, शास्त्रीय वा कलात्मक महत्त्वाचें हस्तलिखित ७५ वर्षांचें झालें कीं तें पुरावस्तु ठरतें, व खासगी व्यक्तीस तें परदेशीं पाठवितां येत नाहीं.

असो. येत्या शरदांत वाचकांनीं आपापल्या गांवचा बाजार एकदां तरी ह्या दृष्टीनें फिरावा व काय दिसलें त्याचें टिपण करून ठेवावें. विकत कांहींच घेतलें नाहीं तरी चालेल. एखादें दप्तर न फोडतां सोडून येणें हीही इतिहासाची सेवाच आहे.