जुन्या जीपमधील पॉइंट व इलेक्ट्रॉनिक ठिणगी

सन १९५२ मध्ये समाज विकास योजना सुरू झाली व तिच्याबरोबर जीप खेडोपाडी परिचित झाली. अशी जुनी पेट्रोल जीप बुलढाण्याचा राजूर घाट चढताना धक्के देऊ लागली, की मालक प्रथम कार्बोरेटर उघडतो. पुष्कळदा दोष डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटांचा असतो.

पॉइंट मिटलेले असता कॉइलमधून प्रवाह वाहतो. ते उघडताच प्रवाह तुटतो, कॉइलमध्ये उच्च दाब निर्माण होतो व प्लगवर ठिणगी पडते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटास २,००० फेरे घेत असता ही क्रिया ४,००० वेळा घडते. त्यामुळे पॉइंट जळतात. कॅमवर घासणारी टाच झिजून फट कमी होते व ठिणगी उशिरा पडते.

इलेक्ट्रॉनिक संचात शाफ्टवर चुंबकांचे कडे बसवितात. शेजारचा संवेदक चुंबक ओळखून ट्रान्झिस्टरकरवी प्रवाह तोडतो. घासण्याजोगे काही उरत नाही. मात्र शाफ्टच डगमगत असल्यास त्याचे बुश आधी बदलावे, तो दोष नवा संच झाकीत नाही.

युद्धकाळातील जीप ६ व्होल्टच्या होत्या, पुढील बहुतेक १२ व्होल्टच्या. म्हणून बॅटरी किती व्होल्टची आहे व तिचे कोणते टोक सांगाड्यास जोडले आहे, हे पाहूनच संच घ्यावा. उलट जोडणीने तो क्षणात निकामी होऊ शकतो. कॉइलचा रोध संचाच्या पत्रकाशी जुळवावा, टायमिंग पुन्हा लावावे. इंजिन थांबले असता स्विच चालू ठेवू नये.

जुने पॉइंट व कंडेन्सर गाडीतच ठेवावेत. पॉइंट वाटेत कानशीने घासून चालविता येतात; संवेदक बिघडल्यास तेथे उपाय नसतो.