तिकीट कागदावर कसे उमटते?

शहापूर तालुक्यातील मंडळी आसनगाव, खर्डी किंवा कसारा येथे गाडी पकडतात. मुरबाडची मंडळी एस. टी.ने कल्याण गाठतात. लांबच्या प्रवासाची जागा खिडकीवर राखायची, तर रांग लावावी लागते. फॉर्म आत दिला, की बाबू बोटे चालवतो. खर्र खर्र आवाज होतो आणि तिकीट बाहेर येते.

जागांची नोंद असते मुंबईच्या मोठ्या संगणकात. मग तिकीट कल्याणला कसे उमटते? चला, पाहू या.

दिल्लीत 1985 साली संगणकाने आरक्षण सुरू झाले. 1999 सालापर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे एकमेकांना जोडली गेली.

खिडकीवरच्या जुन्या धाटणीच्या प्रिंटरला अक्षरे एकामागून एक मिळतात. पायवाटेने आपण एकामागे एक चालतो ना, तसेच. या जोडणीला ‘सिरियल’ म्हणतात. एका अक्षराच्या आठ खुणा. आरंभाची एक व शेवटची एक धरून दहा. तारेतून सेकंदाला 9,600 खुणा गेल्या, तर 960 अक्षरे जातात. प्रिंटर एवढा चपळ नसतो. हात भरले, की तो ‘थांबा’ अशी खूण उलट पाठवतो.

पण या तारेची मजल सुमारे 50 फूट. मुंबई तर कोसन् कोस दूर! म्हणून मध्ये एक पेटी ठेवतात. तिचे नाव ‘टर्मिनल सर्व्हर’. पेटीच्या एका अंगाला आठ किंवा सोळा भोके असतात. एका भोकात एकच यंत्र जोडायचे. दुसऱ्या अंगाला जाळ्याची तार.

ही पेटी म्हणजे एस. टी.चा स्टँडच म्हणा ना. पाड्यापाड्यांवरून माणसे पायी येतात आणि एकाच गाडीत बसतात. तशीच पेटी अक्षरांची गाठोडी बांधते, त्यावर पत्ता घालते आणि रवाना करते. मुंबईहून आलेले गाठोडे सोडून ती अक्षरे नेमक्या भोकातून प्रिंटरकडे धाडते. मात्र पेटी आणि प्रिंटर यांचा वेग एकच ठरवलेला हवा. नाहीतर कागदावर भलतीच अक्षरे उमटतात.

एकदा आम्ही एका खिडकीपुढे दोन तास ताटकळलो. “प्रिंटर मोडला, उद्या या,” असे उत्तर मिळाले. मागून दुरुस्तीचा माणूस आला. प्रिंटर धडधाकट होता. पेटीतली तार तेवढी निसटली होती! रांगेतल्या एका मजुराचा दिवस मात्र फुकट गेला. त्याची मजुरी कोण भरून देणार?

म्हणून एवढे लक्षात ठेवा. एकच खिडकी अडली, तर दोष बहुधा तिच्या यंत्रात किंवा तारेत असतो. शेजारच्या खिडकीवर काम होऊ शकते. सगळ्याच अडल्या, तर पेटी किंवा पुढची तार पाहावी लागते. प्रिंटरला स्वतःचा चाचणीचा कागद काढता येतो. तो नीट निघाला, तर छपाई ठीक आहे. दोष पुढे शोधावा.

आता नवे प्रिंटर थेट जाळ्याला जोडता येतात. तरी वजनकाटे आणि कारखान्यातील यंत्रे जोडायला अशा पेट्या आजही वापरतात.

तेव्हा ‘उद्या या’ ऐकून लगेच माघारी फिरू नका. “शेजारची खिडकी चालू आहे का हो?” असे नम्रपणे विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.