वांड वयातल्या कुत्र्याला कोण शिकवणार?

दत्तक दिलेलं पिल्लू परत येतं ते बहुतेक वेळा आठव्या-नवव्या महिन्यात. रस्त्यावरची पिल्लं उचलून त्यांना घरं शोधून देणाऱ्या मंडळींशी बोललं की हे पुन्हा पुन्हा ऐकू येतं. दोन महिन्यांचं असताना ते मांडीत मावत होतं, दिवसभर झोपत होतं. आता पाय लांब झालेत, पक्के दात आलेत, अंगात ताकद आली आहे आणि ती कुठे, किती वापरायची याचा अंदाज मात्र आलेला नाही. पाहुणा दिसला की उडी, ओढणी दिसली की दातात, पट्टा लावला की जिन्यावरून फरफट. संध्याकाळी सातच्या सुमाराला सोफ्यावरून बाल्कनीत आणि बाल्कनीतून सोफ्यावर विनाकारण धावाधाव. 'लहान होता तेव्हा ऐकायचा, आता मुद्दाम करतो,' असं घरातले म्हणू लागतात, आणि मग एके दिवशी फोन जातो, 'याला घेऊन जा.'

आमचा भुऱ्या असाच एका घरातून परत आलेला. गव्हाळ रंग, एक कान उभा, एक दुमडलेला, आणि आनंद झाला की सबंध अंग हलवायची सवय. पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, घरात सासूबाई आणि कामाला येणाऱ्या मावशी असताना हा आनंद झेपणं अवघड होतं. मदत लागणार हे उघड होतं. ती कोणाची घ्यायची, हा शोध पुष्कळ लांबला, आणि त्या शोधात जे पाहायला मिळालं ते सांगण्यासारखं आहे.

आधी त्या 'मुद्दाम' या आरोपाबद्दल. 2020 साली 'बायॉलॉजी लेटर्स' या नियतकालिकात ब्रिटनमधल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. अंधांच्या सोबतीसाठी वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांना पाचव्या आणि आठव्या महिन्यात 'बस' ही साधी आज्ञा देऊन पाहिली. आठव्या महिन्यात ती कुत्री सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकत होती, परक्या माणसाचं मात्र तितकंसं कमी नाही. म्हणजे शिकलेलं पुसलं गेलेलं नव्हतं. वयात येताना आपल्याच माणसाशी जो ताण निर्माण होतो, तो माणसाच्या पोरांत असतो तसा कुत्र्यातही असतो, आणि वय पुढे सरकलं की ओसरतो. हे ज्या घरांना वेळेवर कळतं त्या घरांत कुत्रं टिकतं, असं मला मनापासून वाटतं.

प्रशिक्षक शोधायला निघालं की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की आपल्याकडे हा व्यवसाय सुरू करायला कुठला सरकारी परवाना लागत नाही. कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो. तो शिकवायला नाही. त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते. जीन डोनाल्डसन या अमेरिकन प्रशिक्षिकेने यासाठी फार उपयोगी प्रश्न सुचवले आहेत. माझ्या कुत्र्याने बरोबर केलं तर त्याला नेमकं काय मिळेल? चुकलं तर नेमकं काय होईल? आणि याहून सौम्य उपाय आहे का? मी फोनवर हेच विचारत गेले. उत्तरं ऐकता ऐकता माणसं आपोआप वेगळी होत गेली.

एकजण म्हणाले, 'महिनाभर माझ्याकडे ठेवा, शिकवून परत देतो.' तिथे चुकल्यावर काय करता, यावर उत्तर आलं, 'ते आमच्यावर सोडा.' दुसरे घरी आले. आवाज करारी, पिशवीत चोक चेन. त्यांचं म्हणणं, 'हा स्वतःला बॉस समजतो. त्याला दाखवून द्यायला हवं बॉस कोण आहे.' तिसऱ्यांनी फोटो पाहूनच सांगितलं, 'गावठी आहे ना? लॅब असता तर शिकवला असता.'

बॉसची कल्पना कुठून आली हे पाहण्यासारखं आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांचं निरीक्षण मांडलं. त्यांच्यातल्या मारामाऱ्यांवरून 'टोळीचा म्होरक्या' हे चित्र तयार झालं. डेव्हिड मेक यांच्या 1970 सालच्या पुस्तकाने ते जगभर नेलं. पुढे रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केल्यावर मेक यांनीच ते नाकारलं. रानातली टोळी म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, एक कुटुंब. पण तोवर ती कल्पना कुत्र्यांच्या गळ्यात चेन होऊन पडली होती. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी 2020 साली 92 पाळीव कुत्र्यांवर केलेला अभ्यास तर सरळच सांगतो. झटके, दटावणी, दाब यांवर चालणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये तणावाच्या खुणा जास्त दिसल्या आणि वर्गानंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉलही अधिक वाढलेलं आढळलं. अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेने 2021 साली बक्षिसावर आधारलेलीच पद्धत वापरावी असं स्पष्ट निवेदन काढलं.

आपल्याकडचे बरेच जुने प्रशिक्षक लष्कराच्या किंवा पोलिसांच्या श्वानपथकातून आलेले असतात. मेरठला लष्कराचं केंद्र आहे, टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं. तिथल्या कामाबद्दल मला आदर आहे. पण तिथला कुत्रा निवडून घेतलेला असतो, त्याचा सांभाळणारा ठरलेला असतो आणि त्याला एक नेमकं काम करायचं असतं. आमच्या घरात भुऱ्याला सासूबाईंच्या जपमाळेशेजारी शांत बसायचं होतं. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

राहिला 'गावठी'चा मुद्दा. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. कोणी न शिकवलेली ही कुत्री माणसाने बोटाने दाखवलेली दिशा समजून घेतात, आणि अनोळखी माणसाशी विश्वास जोडताना खाऊपेक्षा कुरवाळण्याला जास्त भुलतात, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. 2019 साली उत्तराखंड पोलिसांनी 'ठेंगा' नावाचा रस्त्यावरचा कुत्रा शिकवून श्वानपथकात घेतला. देशी कुत्रं न शिकणारं नसतं. ते विचार करून शिकतं, आणि दांडगाई केली की लांब जातं.

शेवटी ज्या ताई मिळाल्या त्यांनी फोनवर फी सांगण्याआधी प्रश्नांची सरबत्ती केली. किती वाजता झोपतो? दिवसा सलग किती वेळ झोपतो? शी घट्ट आहे का? कान खाजवतो का? मागचे पाय झाडतो का? फिरायला नेल्यावर त्याला वास घेऊ देता की चालवत नेता? आणि मग, 'आधी डॉक्टरांकडे जाऊन या, मग मी येते.' दुखणारं कुत्रं चिडकं होतं आणि खाजणारं कुत्रं अस्वस्थ. त्याला शिस्त लावून काय होणार, असं त्यांचं म्हणणं. भुऱ्याच्या कानात खरंच संसर्ग निघाला. थेंब सुरू झाल्यावर त्याचं डोकं झटकणं थांबलं, आणि मान पकडली की तोंड फिरवणंही.

घरी आल्यावर ताई जमिनीवर बसल्या, भिंतीला टेकून, थोड्या तिरक्या. भुऱ्याकडे बघितलं नाही, हाक मारली नाही. तो धावत आला, खांद्यावर पाय ठेवले, केस हुंगले. त्यांनी फक्त मान वळवली. तो खाली उतरला त्या क्षणी 'हं' असा छोटा आवाज केला आणि उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा जमिनीवर ठेवला, हातातून दिला नाही. असं बराच वेळ चाललं. त्या मला हळू आवाजात दाखवत होत्या, 'बघा, जांभई दिली. झोप आली म्हणून नाही. आता ओठावरून जीभ फिरवली. आता अंग झटकलं, म्हणजे ताण उतरवतोय.' नॉर्वेच्या टुरिड रुगास यांनी कुत्र्यांच्या या खाणाखुणांवर पुष्कळ लिहिलं आहे; पण वाचणं वेगळं आणि आपल्याच घरात त्या दिसू लागणं वेगळं. ज्याला आम्ही मस्ती म्हणत होतो त्यातली बरीचशी घालमेल होती.

तो 'हं' महत्त्वाचा. कॅरन प्रायर यांनी हवाईमध्ये डॉल्फिनना शिट्टीवर शिकवलं आणि पुढे तीच रीत कुत्र्यांपर्यंत आणली. पाण्यातल्या डॉल्फिनला पट्टा लावता येत नाही, दाबून बसवता येत नाही. त्याने योग्य उडी घेतली तो नेमका क्षण आवाजाने टिपायचा आणि मग मासा द्यायचा. ताईंचा 'हं' हीच ती शिट्टी. तो अर्धा सेकंद उशिरा आला तर पाय खाली ठेवल्याचं बक्षीस पुन्हा वर उचलल्याला मिळतं. म्हणून आधी आमचा सराव झाला, कुत्र्याविना. ताई चेंडू टाकायच्या, आणि तो जमिनीला टेकताक्षणी आम्ही 'हं' म्हणायचं. सासूबाईंचा अंदाज सगळ्यांत अचूक निघाला. त्यांनाच मग खाऊची वाटी मिळाली, एका ताकिदीसह: प्रसादातले मनुके त्याला चुकूनही द्यायचे नाहीत, कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते घातक असतात.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो दारावरच्या घंटेवर, आणि ते काम पाहताना मला या व्यवसायाचं खरं कसब कळलं. ताईंनी आमच्या घंटेचा आवाज फोनवर टिपून घेतला. तो इतक्या हळू वाजवला की भुऱ्याचा फक्त उभा कान हलला. चिकन. पुन्हा तेवढाच आवाज, पुन्हा चिकन. कान हलवून तो आपल्याकडे बघू लागला की आवाज किंचित वाढवायचा. तो उठून उभा राहिला तर आपण घाई केली असं समजून एक पायरी मागे. बैठकीच्या कोपऱ्यात एक जुनी सतरंजी दुमडून ठेवली होती. घंटेनंतरचा खाऊ नेहमी तिथेच पडायचा. काही दिवसांनी घंटा वाजली की तो दाराऐवजी सतरंजीकडे वळू लागला. तिथून पुढे खरी घंटा, मग खरं दार, आणि मग दारात खऱ्या मावशी.

मावशींनी आधीच सांगून ठेवलं होतं, 'वहिनी, हा अंगावर आला तर मी काम सोडीन हां.' लहानपणी गावाकडे त्यांना कुत्रं चावलं होतं. ताईंनी त्यांना धीर धरायला सांगितलं नाही. भुऱ्याला लांब दोरीने खिडकीच्या गजाला बांधलं, दोरी किती पोचते तिथे जमिनीवर खडूने रेघ ओढली आणि म्हणाल्या, 'मावशी, रेघेच्या अलीकडे तो येऊच शकत नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा थांबू.' मावशींनी रेघेपलीकडून तुकडा टाकायचा, तोही भुऱ्याच्या मागे, म्हणजे तो त्यांच्यापासून दूर वळेल. बिथरलेलं माणूस आणि बिथरलेलं कुत्रं या दोघांनाही अंतराची गरज असते, हे एका खडूच्या रेघेने सांभाळलं.

मध्यंतरी सगळं बिघडल्यासारखं वाटलं. उडी मारल्यावर कोणी लक्ष देत नाही म्हटल्यावर भुऱ्या आणखी उंच उड्या मारू लागला, भुंकू लागला. लिफ्ट आली नाही की आपण बटण जास्त जोराने दाबतो, तसं. ताईंनी हे होणार म्हणून आधीच बजावलं होतं. याच टप्प्यावर घरोघरचा धीर सुटतो आणि कोणीतरी ओरडून, ढकलून देतं. कुत्र्याला तेही लक्षच वाटतं; उडी आणखी उंच हवी एवढंच त्यातून तो शिकतो.

बाहेरचं काम वेताळ टेकडीवर चाललं. चोक चेन नाही, छातीवर कडी असलेला हार्नेस आणि लांब दोरी. दोरी ताणली की आपण थांबायचं, सैल झाली की चालायचं. आणि वास घेऊ द्यायचा, मनसोक्त. मोर नुकताच गेलेलं गवत, रात्री बसलेल्या कुत्र्यांची जागा, कुणी सांडलेले चुरमुरे, हे सगळं हुंगून झालं की तो घरी येऊन पडायचा. पूर्वी 'दमवायचं' म्हणून पळवत नेलं जायचं, तेव्हा तो जास्तच तापलेला परतायचा. संध्याकाळच्या सातच्या धिंगाण्यावरही उपाय निघाला तो व्यायामाचा नव्हे, विश्रांतीचा. दुपारी दोन तास पडदे ओढून त्याला निजवायचं, आणि जेवण वाटीत न देता धुतलेल्या गोणपाटाच्या घड्यांत लपवून द्यायचं.

ताई आता आठवड्याला येत नाहीत. त्यांनीच कमी केलं. तुमचं तुम्हाला दिसायला लागलंय, म्हणाल्या. मावशींनी खडूची रेघ स्वतःच्या हाताने पुसली, पण भुऱ्याला हात अजून लावत नाहीत, आणि कोणी त्यांना लाव म्हणत नाही. मोटरसायकलचा आवाज आला की तो अजून दोरी ताणतो. तेवढ्यासाठी ताई पुढच्या रविवारी कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत बोलावणार आहेत, सकाळी सहाला, गाड्या वाढायच्या आत. चिकन न्यायचंय, आणि त्यात मीठ घालायचं नाही.