परदेशची विद्या आणि पोलादपूरचा वर्ग

इंग्रजी शिकविण्याचें शास्त्र परदेशीं जाऊन शिकून यावें, अशी इच्छा आमच्या एखाद्या तरुण शिक्षकानें धरिली, तर तिची थट्टा करण्याचें कारण नाहीं. मात्र तेथून काय आणावयाचें आणि तें कोणासाठीं, ह्या दोन प्रश्नांचा निकाल निघण्यापूर्वींच लागला पाहिजे.

विलायतेहून साहेबी उच्चार आणावयाचे, ही समजूत खोटी होय. केंब्रिजचा सेल्टा नांवाचा अभ्यासक्रम पूर्ण वेळ केल्यास चार-पांच आठवड्यांत संपतो. त्यांत उमेदवारास खऱ्या विद्यार्थ्यांपुढें निदान सहा तास शिकवावें लागतें. अनुभवी शिक्षक मागें बसून तें पाहतात आणि मागाहून गुणदोष स्पष्ट सांगतात. शिक्षक किती बोलला यापेक्षां विद्यार्थी किती बोलले, ह्याकडे त्यांचें लक्ष असतें. आमच्या राज्यांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. तरी शब्दार्थ फळ्यावर लिहून धड्याचें भाषांतर सांगण्याची वहिवाट पुष्कळ ठिकाणीं सुटलेली नाहीं. दहा वर्षें इंग्रजी शिकलेल्या मुलाचें तोंड मुंबईंत नोकरीच्या मुलाखतीस उघडत नाहीं, त्याचें मूळ ह्यांतच आहे.

असें शिक्षण आपल्या देशांत मिळत नाहीं काय? मिळतें. हैदराबादेस १९५८ सालीं ह्याच कार्याकरितां निघालेली मध्यवर्ती संस्था आज विद्यापीठ झाली आहे. तथापि परक्या मुलुखांत स्वतः अडखळत बोललेला शिक्षक अडखळणाऱ्या मुलास हसत नाहीं. हा लाभ घरीं बसून होत नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. परत आलेला शिक्षक अधिक पगारासाठीं शहरांतील खाजगी शाळेंत गेला, तर पोलादपूरच्या मुलांस त्याच्या प्रवासाचा काय उपयोग? १९१३ सालीं सयाजीराव गायकवाडांनीं भीमराव आंबेडकरांस अमेरिकेस धाडिलें, तेव्हां परतल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार करून घेतला. अस्पृश्यतेच्या जाचामुळें बडोद्यांत त्यांस राहतां आलें नाहीं, हा दोष कराराचा नव्हे, समाजाचा. तेच आंबेडकर २० मार्च १९२७ रोजीं महाडास चवदार तळ्याचें पाणी प्याले. सार्वजनिक पाणी सर्वांचें, हें जेथें ठणकावून सांगितलें गेलें, तेथें चांगलें इंग्रजी मात्र मोठी फी भरणाऱ्यांच्याच वांट्यास यावें, हें महाडास शोभत नाहीं.

म्हणून महाडचे व्यापारी व कारखानदार ह्यांनीं मिळून एक निधि उभारावा. दर वर्षीं एका शिक्षकास किंवा शिक्षिकेस, जात न पाहतां, परदेशीं धाडावें. अटी दोनच असाव्यात: परतल्यावर पांच वर्षें सावित्रीच्या खोऱ्यांतील व आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या शाळांतून शिकवावें, आणि महिन्यांतून एकदां आपला वर्ग इतर शिक्षकांस पाहावयास खुला ठेवावा. एकाचा वर्ग दहा जणांनीं पाहिला म्हणजे एका प्रवासाचा खर्च दहा शाळांवर वांटला जातो. हा हिशेब महाडच्या पेठेस समजावून सांगण्याची गरज नाहीं.